बाबांनी लाल गाडीची चाल पाहिली

“अबे थांबव! थांबव लेका! माहा रुमाल मांगं राह्यला!”

बाबा ओरडत होते. यातला पहिला ‘थांबव’ त्यांनी सुलतानपूरच्या अलीकडं उच्चारला, आणि शेवटचा ‘राह्यला’ माझ्या कानात पडला तेव्हा आम्ही पुढच्या गावाची पाण्याची टाकी मागं टाकली होती. मधले शब्द वाऱ्यानं उचलून कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये फेकले असावेत. मी अतिशयोक्ती करत नाही. आमच्या घराण्यात अतिशयोक्तीचा परवाना एकट्या माझ्या नावावर आहे, आणि तो मी फार जपून वापरतो.

मी काही केलं नव्हतं हो. फक्त पायाचा अंगठा टेकवला होता. आमच्या घरच्या जीपला जागं करायचं तर मांडीपासून जोर लावावा लागतो. मग ती खोकते, विचार करते, शेजाऱ्यांना सांगते आणि मग निघते. त्याच सवयीनं मी या लाल गाडीच्या एक्सिलेटरवर अंगठा ठेवला, आणि मागून वळूनं ढुशी द्यावी तशी ती सुटली. माझं पोट जाऊन पाठीला चिकटलं. रस्त्याकडेच्या बाभळी वेगवेगळ्या दिसायच्या बंद झाल्या आणि त्यांची एक लांबच लांब हिरवी भिंत झाली. गाडीचं छप्पर बटण दाबून मागं घडी केलेलं होतं. बाबांचा रुमाल, जो त्यांच्या डोक्यावरून फक्त अंघोळीला आणि मयतीला उतरतो, तो एखाद्या बगळ्यासारखा वर गेला आणि दिसेनासा झाला.

“बाबा, थांबता नाई येऊन राह्यलं!”

“काऊन?”

“ब्रेक दाबायले पाय उचला लागते, आन् पाय माह्या ऐकण्यात नाई!”

हे असं का झालं ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल. मागं जाणं त्या गाडीपेक्षा मला बरं जमतं.

आमच्याकडं एक जीप आहे. पांढरी, सात सिटांची. आमच्या भागात जिच्यात सात माणसं बसतात ती जीप, कंपनीनं तिचं बारसं काहीही केलेलं असो. ही जीप खरं म्हणजे घरची चालवते. घरची म्हणजे माझी बायको. आमची शेडनेटं आहेत, हिरव्या जाळीचे मोठमोठे मांडव, आणि त्यांत आम्ही मिरचीचं आणि टमाट्याचं बियाणं धरतो. एका झाडाच्या फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला हातानं लावायचा, असं ते नाजूक काम. ते गावातल्या बायका करतात. त्या बायकांना सकाळी जीपमध्ये घालून नेटवर न्यायचं, दुपारी जेवायला आणायचं, पुन्हा न्यायचं, हे सगळं घरची करते. त्या सात सिटांत ती किती बायका बसवते ते मी इथं लिहिणार नाही. वाचणारे कोण कोण असतात, काय सांगावं.

आणि मला हवी होती दोन सिटांची लाल गाडी.

समृद्धी महामार्ग झाला तेव्हा आमचं एक वावर त्यात गेलं. संध्याकाळी मी पुलावर जाऊन उभा राहायचो. खालून, आपल्याच वावरातून, लोक उडत चाललेले, आणि आपण वरून कठड्याला टेकून त्यांचे दिवे पाहतोय. एके संध्याकाळी खालून एक लाल रेघ गेली. गाडी दिसली नाही, नुसती रेघ. आवाज मागाहून आला. मी तिथंच ठरवलं की मरायच्या आधी आपणही एकदा आपल्या वावरातून असं जायचं.

घरी येऊन घरचीला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“अन् बायका कायच्यात नेऊ?” तिनं विचारलं.

“लावू एखादा ऑटो भाड्यानं.”

“हाव,” ती म्हणाली, आणि पुढची भाकर तव्यावर टाकली.

बस. दुसरा शब्द नाही. लग्न झाल्यापासून एवढा मोठा विजय मी मिळवला नव्हता. इतक्या सहज मिळाला याचाच संशय यायला हवा होता. पण लाल रंगापुढं संशय टिकत नाही.

राहिले बाबा. आमच्या घरात सुई घ्यायची तरी बाबांची नजर तिच्यावरून फिरावी लागते, कारण बाबा म्हणजे या पट्ट्यातले बैलांचे पारखी. अमडापूरच्या बाजारात बैल घ्यायला जाणारे लोक आधी आमच्या घरी येऊन बाबांना सोबत घ्यायचे. बाबा लांबून येताना दिसले की बाजारातले बैल आपणहून तोंड उघडून खरं वय दाखवायचे, अशी एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. सांगणारा अर्थात मीच.

आता गोठ्यात बैल नाहीत. तिथं ट्रॅक्टर आणि जीप उभी राहते. पण बाबांचे कायदे तेच चालू आहेत. एका खुंट्याला एकच जनावर, म्हणजे लाल गाडी यायची तर जीप गेलीच पाहिजे. विकायचं जनावर घास भरवून, फाटकाबाहेर तोंड करून, घेणाऱ्याच्या हातात द्यायचं. त्या क्षणापासून ते आपलं नाही. आणि सगळ्यांत कडक कायदा पाण्याचा. बाहेरून दारात आलेल्या जनावराच्या पायांवर घरच्या बाईनं पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, की ते घरचं झालं. पुढच्या पोळ्यापर्यंत ते विकायचं नाही. मग कोणीही येऊन मागो.

एकदा बाबा स्वतःच फसले होते. त्यांनी आणलेल्या एका देखण्या बैलाच्या पायांवर आईनं पाणी घातलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की तो मारका आहे. पोळा यायला अजून सारं वर्ष होतं. त्या वर्षात त्या बैलानं निम्मं गाव आडवं केलं. गुरांच्या डॉक्टरला तर त्यानं असा उडवला की डॉक्टर लोणारच्या सरोवरात पडतो की काय असं आम्हाला वाटलं. बाबा प्रत्येकाच्या घरी हळदीचा लेप घेऊन गेले, हात जोडले. पण बैल विकला नाही.

यंदाचा पोळा नुकताच झाला होता. बाबा ओट्यावर बसून म्हणाले, “जीपचं वरीस भरलं. बोलाव तुह्या लाल गाडीवाल्याले. पण चाल पाह्यल्याबिगर मी हो म्हणत नसतो.”

गाडीवाला मोठ्या शहरातून आला, जीप बदल्यात घ्यायच्या बोलीवर. भादव्याच्या उन्हात, गळ्यात टाय बांधून. आम्ही सगळे त्याला टायवालाच म्हणू लागलो. लाल गाडी इतकी बुटकी की गावात शिरली तेव्हा कोंबड्यासुद्धा तिच्याकडं वरून बघत होत्या. शाळेजवळच्या गतिरोधकावर तिचं पोट घासलं, आणि टायवाला स्वतःच्याच पोटाला खरचटल्यासारखा कळवळला. आमच्या फाटकाशी आल्यावर तर पंचाईतच झाली. ट्रॅक्टरसाठी केलेला आमचा सिमेंटचा चढ तिला चढेना. नाक टेकायचं. चार माणसांनी फळ्या लावल्या, कुटाराची, म्हणजे भुशाची, पोती अंथरली, लग्नात नवरीला सांभाळतात तसं सांभाळलं. नाहीच. शेवटी गाडी रस्त्यावरच उभी राहिली.

मी आत जाऊन घरचीला म्हणालो, “गडवा आण. पाणी घालून टाक गाडीच्या चाकावर. मुहूर्त चांगला हाय.” माझा डाव असा, की पाणी एकदा पडलं म्हणजे बाबांनाही मागं फिरता येणार नाही.

तिनं फाटकाबाहेर पाहिलं. “दारात येऊ द्या. रस्त्यावरच्यावर नाई घालत पाणी.”

बरोबर होतं. कायदा कायदा असतो. मी बाहेर आलो.

बाबांनी तपासणी सुरू केली. आधी ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, हात मागं बांधून, तिच्याकडं न बघता. बैलालाही ते असंच करायचे. म्हणायचे की पाहिलं तर जनावर नाटक करतं. मग मागं उभं राहून त्यांनी दोन्ही चाकांमधलं अंतर न्याहाळलं. मग वाकून पोटाखाली पाहिलं. मग म्हणाले, “तोंड उघडा हिचं.”

टायवाल्यानं पुढचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. एक स्वच्छ, रिकामा खड्डा.

बाबा दचकून मागं सरकले. “हिचं काळीज कुठी हाय?”

“काका, स्पोर्ट्‌स कार आहे. इंजिन मागे असतं. सीटच्या पाठीमागे.”

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, टायवाल्याकडं पाहिलं, जमलेल्या गावाकडं पाहिलं. “जिचं काळीज ढुंगणाशी, तिचा भरोसा कोणी करावा?”

गाव खो खो हसलं. टायवाला पण हसला, कारण तो विकायला आला होता.

पुढची भानगड सिटांची झाली. टेस्ट ड्राइव्हला शेजारच्या सिटवर टायवाल्यानं बसायचं, असा त्यांच्याकडचा नियम. पण तो दार उघडून धरतो न धरतो तोच बाबा धोतर सावरून आत उतरले. उतरले असंच म्हणावं लागेल, कारण ती सीट रस्त्याच्या बरीच खाली होती.

“काका, तिथं मला बसावं लागतं.”

“चाल मी पाह्यणार का तुमी?”

“तसं नाही, पण नियम...”

“साहेब, आमचं घर पाह्यलं तुमी. घर घेऊन पळून जाऊन राह्यलो का आमी? तुमी तवर आमची जीप पाहून या. तुमची आमी पाहतो, आमची तुमी पाहा.”

हे इतकं रास्त होतं की टायवाल्यानं धरलेलं दार सोडलं. त्यानं माझं लायसन दोनदा पाहिलं, आणि देवाचं नाव घेतल्यासारखा मान हलवून तयार झाला.

बाबा पुन्हा वर आले. कायदा पुरा करायचा होता. जीप गोठ्यातून काढून फाटकाकडं तोंड करून उभी केली. घरचीनं भाकरीचा तुकडा आणून बॉनेटवर ठेवला. तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा. जीपच्या किल्लीला आमच्या शेवटच्या बैलाच्या कासऱ्याचा तुकडा बांधलेला होता, बोटभर. बाबांनी तो सोडवून खिशात घातला, कारण दावं जनावरासोबत जात नसतं, आणि उघडी किल्ली टायवाल्याच्या तळहातावर ठेवली.

“दिली,” बाबा म्हणाले. “आता आमची नाई.”

टायवाल्याला वाटलं, ही म्हातारी माणसं भावुक असतात. तो जीपमध्ये बसून भुर्रकन निघून गेला. आम्ही लाल गाडीत बसलो. आणि मग तो अंगठा, आणि तो रुमाल.

रुमाल शोधायला मागं फिरण्यात अर्थ नव्हता. तो तोवर वाशीमकडं सरकला असेल. बाबांनी आधी समोरचा काळा कट्टा दोन्ही हातांनी धरला, मग दाराची कड धरली, मग माझी मांडी धरली. माझी मांडी त्यांनी जी धरली, तिथं अजून पाच बोटं आहेत. केस नसलेल्या त्यांच्या डोक्याला आयुष्यात पहिल्यांदा एवढं वारं लागत होतं. ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, देवाचं नाव. जवळ कान नेला तर ती शिवी होती, आणि माझ्याच नावानं होती.

तशात आम्ही समृद्धीवर चढलो. सरकारनं ठरवलेली वेगाची मर्यादा मी मोडली का, हे मी सांगणार नाही. गाडीनं मोडली असेल. मी फक्त तिच्यासोबत होतो.

“आपलं वावर आलं की सांगजो,” बाबा वाऱ्यात ओरडले.

“गेलं.”

“काय गेलं?”

“वावर. मांगं गेलं.”

“आत्ताच?” त्यांनी मान वळवली. “आन् विहीर?”

“ते बी.”

बाबा मागं पाहत राहिले. त्या वावरात सकाळी बैल जुंपले की दुपारी सोडेपर्यंत एक कोपरा नांगरून व्हायचा. मधल्या आंब्याखाली आई न्याहारी घेऊन यायची, आणि आंब्यापासून विहिरीपर्यंत चालत जाताना तिचं एक अख्खं गाणं म्हणून व्हायचं. ते सगळं आम्ही बाबांनी घेतलेल्या एका श्वासात ओलांडलं होतं. त्यांनी तो सोडला तेव्हा गावच्या गावं बदलली होती. इथं मी काही वाढवून सांगत नाही. वाढवायला तिथं काही शिल्लकच राहिलं नव्हतं.

मलाही विचित्र वाटलं. इतकी वर्षं पुलावरून जे पाहत उभा होतो ते करून झालं, आणि करताना काही दिसलंच नाही. पण लगेच गाडीनं मागून गुरगुर केली आणि मी ते विसरलो.

पुढच्या उतारावर मी महामार्ग सोडला. बाबा अजून मागंच पाहत होते. मी मनातल्या मनात लाल गाडीला निरोप द्यायला लागलो. महामार्गाच्या कडेनं गावाकडं येणारा साधा रस्ता होता, सरळ, रिकामा, दोन्ही बाजूंना तूर. तिथं आल्यावर बाबा बोलले.

“पळाली. मारल्यावर सारेच पळतात. आता हळू चालव.”

“किती हळू?”

“बैलाच्या चालीनं.”

मी पाय सैल सोडला. एवढी माजलेली गाडी, पण ती जी संथ चालायला लागली, की बस. धक्का नाही, कुरकुर नाही, पुढं ओढणं नाही. शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी मागून आली, आमच्या बरोबरीनं चालली, वाकून आत पाहिलं, “पेट्रोल सरलं का बाप्पा?” म्हणाली आणि शेळ्या घेऊन आमच्या पुढं निघून गेली. बाबा कान देऊन मागच्या इंजिनाचा आवाज ऐकत होते.

“दोर सोड,” ते म्हणाले.

“काय?”

“हात काढ तिच्यावरून.”

हा बाबांचा शेवटचा पेपर. बाजारात बैल निवडला की ते कासरा त्याच्या पाठीवर टाकून द्यायचे आणि मागं उभं राहायचे. जो मोकळा सुटल्यावर भरकटत नाही, सरळ चालतो, तोच घ्यायचा. मी स्टेअरिंगवरचे हात काढले. माझं काळीजही तेव्हा मागं, इंजिनाच्या शेजारी जाऊन बसलं असावं. गाडी सरळ चालली. ना डावीकडं, ना उजवीकडं. तुरीच्या मधून, संथ, मान खाली घालून.

बाबांनी दारावरून हात बाहेर काढला आणि गाडीच्या अंगावर तळवा ठेवला. बैलाच्या खांद्यावर ठेवायचे, तसा.

“घे,” ते म्हणाले.

मी ब्रेक इतक्या जोरात दाबला की आम्ही दोघं समोरच्या काचेला नमस्कार करून परत आलो. आयुष्यात मी बाबांकडून ‘पाहू’ ऐकलंय, ‘बघतो’ ऐकलंय, ‘तुले अक्कल हाय का’ तर रोज ऐकलंय. ‘घे’ पहिल्यांदा ऐकत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते मी वाऱ्यावर ढकललं. गाडी उभी होती, तरी.

“खरंच, बाबा?”

“चाल हाय तिले. काळीज कुठी बी असो.” मग हात आत घेऊन, “सूनबाईले इचारलं होतं ना?”

“हाव म्हणाली ते.”

“आन् अजून?”

“अजून काई नाई.”

“काईच नाई?” बाबांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. “पाह्य बाप्पा.”

मी कुठला पाहतोय. गावाच्या वेशीपासून हॉर्न वाजवत आलो. लोक ओट्यांवर उभे. बाबांना बोडक्या डोक्यानं पाहून दोन बायांनी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. मी हात उंचावून ओरडलो, “घेतली! घेतली!” फळ्या काढा, चढ फोडा, काहीही करा, आज ही दारात जाणार आणि तिच्यावर पाणी पडणार, असं माझ्या डोक्यात चाललेलं.

फाटकातून आत पाहिलं, तर जीप परत आली होती. फाटकाकडं पाठ, गोठ्याकडं तोंड. तिच्यापुढं बाजेवर टायवाला बसलेला, टाय सैल, हातात चहा, कपाळावर कुंकवाचा हा एवढा टिळा.

“सर!” तो आनंदानं उठला. “काय पद्धत आहे हो तुमच्याकडची! मी जीप सुलतानपूरपर्यंत फिरवून आणली, तर मॅडम दारात ताट घेऊन उभ्या. चारही चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. मलाही लावलं! निरोपाची पूजा म्हणजे अशी. मी फोटो काढलेत, ऑफिसमध्ये दाखवणार आहे.”

माझा वर केलेला हात वरच राहिला. जीपच्या चारही चाकांखाली ओल होती. बॉनेटवर हळद, हळदीत कुंकू, आणि ते अजून ओलं.

बाबा लाल गाडीतून वर चढून आले. ते जीपपाशी गेले, वाकले, एका चाकावरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं. मग टायवाल्याकडं वळले.

“जीप दारात कोणं आणली?”

“मीच, काका. मीच चालवत आणली.”

“बाहेरून?”

“हो, बाहेरूनच.”

“आन् पाणी सूनबाईनं घातलं? तिच्या हातानं?”

“हे बघा ना,” म्हणत त्यानं फोन पुढं केला. फोटोत घरची चाकावर गडवा ओतत होती आणि तो स्वतः शेजारी दात काढून उभा होता. साक्षीदारासारखा.

मीही लाल गाडीतून बाहेर उडी मारली. “बाबा, हे नाई लागू होत! ते तं आपलीच जीप हाय! आपल्याच जनावरावर पाणी घातल्यानं काय होते?”

“आपली कशी?” बाबा म्हणाले. “मी दिली होती ना साहेबाच्या हाती? ‘आमची नाई’ म्हणलो होतो. गेली होती ते घरातून. आता बाहेरून दारात आली, आन् घरच्या बाईनं पाणी घातलं.”

“बाबा, पण लाल गाडीले चाल हाय! तुमीच म्हणले, घे!”

“हाव, म्हणलो. चाल हाय तिले. पण खुंटा कुठी हाय?”

त्यांनी टायवाल्यापुढं हात पसरला. टायवाल्यानं काही न समजून जीपची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. बाबांनी खिशातून कासऱ्याचा तो बोटभर तुकडा काढला, किल्लीत ओवला आणि गाठ मारली. घट्ट, दोन पदरी.

“साहेब, पुढच्या पोळ्याले या,” ते म्हणाले. “चहा घेऊन जा.”

टायवाला माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघत होतो. बाहेर रस्त्यावर लाल गाडी उन्हात उभी होती आणि एक कोंबडी तिच्या उघड्या छपरातून आत उतरून माझ्या सिटवर बसली होती.

तेवढ्यात गल्लीतून बायका आल्या. जेवणं उरकून, डोक्याला फडकी बांधून, नेटवर जायला. रोजच्यासारख्या जीपची दारं उघडून एकमेकींच्या मांडीवर बसत आत शिरल्या. घरचीनं बाबांच्या हातातून किल्ली घेतली, “येतो मामाजी” म्हणाली आणि स्टेअरिंगवर जाऊन बसली. जीप खोकली, विचार केला, सगळ्या गावाला सांगितलं. मी धावत जाऊन तिची खिडकी धरली.

“काऊन? काऊन घातलं तू जीपवर पाणी? काऊन?”

तिनं आरसा नीट केला, मागची बाई दारात अडकली नाही ना ते पाहिलं आणि गियर टाकला.

“उन्हातून आली होती,” ती म्हणाली. “पाणी दाखवलं.”